चांगल्या पायाला चाकू का लावायचा? (लेकीच्या पायांत दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा फरक)

सेलूकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज नाइलाजानं धागा काढायलेय.

लेक अकरा वर्षांची आहे, सहावीत. पाच वर्षांची असताना शेतातून येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पडली आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. कमरेपासून प्लास्टर घातलं, हाड जुळलं, लेकरू पळायला लागलं, आम्ही विसरून गेलो. मागच्या वर्षी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यचं तपासणी पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी चिठ्ठी दिली की हिचा डावा पाय आखूड वाटतो, दाखवून घ्या. तोपर्यंत घरात कुणाच्या लक्षात नव्हतं. फक्त शिंपीणबाई म्हणायच्या की हिच्या परकराचा घेर एका अंगाला लोळतो.

परभणीच्या डॉक्टरांनी टेपनं मोजलं, १.८ सेंमी. म्हणाले काही करू नका, चपलेत पट्टी टाका. संभाजीनगरला एक्स-रेवर २.३ आलं. ते म्हणाले योग्य वयात उजव्या गुडघ्याजवळ छोटी शस्त्रक्रिया करून त्या पायाची वाढ थांबवू, डावा आपोआप बरोबरीला येईल. दिराच्या ओळखीनं एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेलो, तिथं सांगितलं की मोठी झाल्यावर आखूड पायात रॉड टाकून लांब करू. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही जिन्यातच बसलो.

घरात आता रोज कीर्तन. सासूबाई म्हणतात, "अधू पायाचं करायचं सोडून चांगल्या पायाला चाकू कामून लावायलेत?" मलाही मनातून ते पटतं. चुलत सासऱ्यांना आत्तापासून तिच्या लग्नाची काळजी. पोरगी मात्र खो-खो खेळते, दुखत काही नाही. एवढ्याशा फरकाला शस्त्रक्रिया करतात का? केली तर कोणती? कुणाच्या घरात झाली असेल तर सांगा.

तिखटमीठ

ताई, काळजी नका करू. आमच्या सौ.च्या मते माझे दोन्ही पाय आखूड आहेत, स्वयंपाकघरापर्यंत पोचतच नाहीत. त्यावर अजून उपाय निघालेला नाही.

(गंभीर प्रतिसाद जाणकार देतील. मी खुर्ची पकडून बसलोय.)

घाटीफिजिओ

मी बरीच वर्षं घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, फिजिओ म्हणून लोकांना चालवलंय, म्हणून मोजणीबद्दल आधी बोलतो. १.८ आणि २.३ यांत भांडण नाही. टेप कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत लावतात. हाडाचं टोक नेमकं कुठं धरलं यावर अर्धा-एक सेंटिमीटर सहज इकडंतिकडं होतो. त्यापेक्षा उभं करून आखूड पायाखाली लाकडी ठोकळे ठेवत जायचं. कंबर समपातळीत आली की ठोकळ्यांची उंची म्हणजे फरक. हे पाच मिनिटांत होतं, पैसे लागत नाहीत, आणि तरीही फार कमी ठिकाणी करतात. निर्णय घ्यायचा असेल तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंतचा उभा लांब एक्स-रे हवा, गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवून काढलेला.

दुसरं, पाय आखूड दिसतो म्हणजे हाड आखूड असतंच असं नाही. कंबर तिरकी असेल, पाठीचा कणा वाकडा असेल, खुब्याचा स्नायू आखडलेला असेल, तरी एक पाय वर उचलल्यासारखा दिसतो. अशा लेकरांच्या हाडाला हात लावला तर नसलेला फरक तयार होईल. वाकून पाठ तपासली का कुणी?

आणि अर्धा-पाऊण सेंटिमीटरचा फरक तर हा धागा वाचणाऱ्या कितीतरी जणांच्या पायांत निघेल.

कंधारी

आमच्याकडं एक हाडवैद्य बाबा आहेत. तेल लावून असा ओढा देतात की पाय सारखा होतो. माझ्या मेव्हण्याचा झाला. विश्वास असला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटीफिजिओ

@कंधारी, मेव्हण्याची कंबर आखडलेली असणार, ती मोकळी झाली म्हणून पाय "सारखा" झाला. वरच्या प्रतिसादात तेच लिहिलंय. हाडाची लांबी ओढ्यानं वाढत नाही. वाढत्या लेकराच्या खुब्याला असे हिसके देऊ नका, एवढी विनंती.

बालाघाटी

मी शस्त्रक्रियेतून गेलेला माणूस. पण ताई, माझी गोष्ट तुमच्यासाठी नाही हे आधीच सांगतो.

माझा अपघात मोठा होता. नडगीचं हाड मोडलं, आत पू झाला, सडका भाग काढून टाकावा लागला. साडेपाच सेंटिमीटर कमी पडलं. मग इलिझारोव. पायाभोवती लोखंडी कडी, त्यातून हाडात आरपार तारा. हाड एका जागी कापतात, पाच-सात दिवस काही करत नाहीत, मग नट फिरवायला सुरुवात. दिवसाला एक मिलिमीटर, तेही एकदम नाही, पाव-पाव मिलिमीटर चार वेळा. फटीत नवं हाड धरत जातं. ऐकायला सोपं आहे. पण नट फिरवणं संपलं तरी कडी निघत नाहीत, कोवळं हाड पक्कं व्हायचं असतं. साधारण धरून चाला, एका सेंटिमीटरला कडीत एक महिना, कधी जास्तच.

या काळात काय काय होतं ते कुणी सांगत नाही. तारांच्या तोंडाशी सारखं पाणी येतं, रोज सलाइननं पुसायचं, तरी एखादी तार लाल होतेच आणि गोळ्या चालू होतात. हाड वाढतं पण स्नायू लगेच ऐकत नाहीत, त्यामुळं पाऊल खाली ओढलं जातं, टाच टेकत नाही. फिजिओथेरपी बुडवली तर पाय लांब होतो आणि घोटा जाम होतो. पँटी सगळ्या उसवून नाड्या लावल्या. आई कारखान्यावर ऊसतोडीला गेली नाही त्या हंगामात, माझ्यासाठी. उचल, म्हणजे तोडणीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, तशीच अंगावर राहिली. हा खर्च कुठल्याच दवाखान्याच्या बिलात येत नाही.

मी खूश आहे का? आहे. पाच सेंटिमीटरच्या पुढं दुसरा धड मार्गच नव्हता. पण दोन सेंटिमीटरसाठी कुणी लेकराला हे करा म्हणत असेल तर चप्पल हातात घेऊन निघा तिथून.

तिखटमीठ

@बालाघाटी, दंडवत. हे इलिझारोव म्हणजे रशियन ना?

बालाघाटी

हो, गाव्रिल इलिझारोव. सैबेरियात कुर्गान म्हणून गाव आहे, तिथं १९५० च्या दशकात त्यांनी ही पद्धत बसवली. पश्चिमेकडच्या डॉक्टरांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. कार्लो माउरी नावाचा इटालियन गिर्यारोहक होता, त्याचा जुना न जुळलेला पाय १९८० मध्ये कुर्गानला बरा झाला, तो परत गेल्यावर इटलीतले डॉक्टर जागे झाले. कडीत पडून राहिलं की माणूस असलं सगळं वाचतो.

भरतीवाला

धाग्यात घुसतोय, माफ करा. वय २४, पोलीस भरतीची तयारी. उजवा पाय अडीच सेंमी आखूड, लहानपणी ताप येऊन खुब्यात पू झाला होता. मैदानी मारतो, पण मेडिकलची भीती वाटायलीय. डॉक्टर म्हणाले आता वाढ संपली, लांब पाय अडीच सेंमीनं कमी करता येईल. उंची १६६.५. करू का?

तिखटमीठ

१६६.५ वजा २.५ किती रे भावा? आणि भरतीला पुरुषांची उंची किती लागते?

भरतीवाला

१६५... आयला.

हाडांचा_डागतर

अंबाजोगाईला शिकलो, उभी हयात मराठवाड्यातच हाडं जोडली, आता निवृत्त. सगळ्यांचं वाचून मग लिहायला बसलो.

आधी @भरतीवाला. मोठ्या माणसात लांब पाय आखूड करतात ते बहुधा मांडीच्या हाडात. हाडाच्या पोकळीतून आतूनच करवत घालून तुकडा कापतात, टोकं जुळवतात, आत रॉड बसवतात. मांडीत साधारण पाच सेंटिमीटरपर्यंत, नडगीत तीनपर्यंत, त्यापुढं स्नायू सैल पडतात. कमी काढलं तरी मांडी कित्येक महिने कमजोर राहते, जिना चढताना जाणवतं. लांबवण्यापेक्षा हे सुटसुटीत आहे, पण उंची जाते ती जातेच. तुझ्या बाबतीत गणित तिखटमीठ यांनी मांडलंच आहे. शिवाय खुब्यात पू झालेला असेल तर आधी खुब्याचा सांधा कसा आहे ते बघायला हवं. पायाच्या लांबीपेक्षा तुझा मुद्दा तिथं अडकू शकतो.

आता @सेलूकरीण ताई. तुमचं पहिलं पोस्ट मी दोनदा वाचलं. मांडी उजवी मोडली होती ना? आणि आखूड डावा आहे?

सेलूकरीण

हो. उजवी मोडली. आखूड डावा.

हाडांचा_डागतर

मग अधू पाय कोणता आणि चांगला कोणता, याचाच आधी निकाल लावू. तुमच्या लेकीचा डावा पाय जसा वाढायला हवा तसाच वाढलाय. उजवा जास्त वाढलाय.

दोन ते दहा वर्षांच्या लेकरांचं मांडीचं हाड मोडलं की ते जुळताना त्या हाडाकडं रक्तपुरवठा वाढतो. गुडघ्याजवळची ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो कूर्चेचा थर, त्यालाही हा जादा पुरवठा मिळतो आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा पुढं जातो. सरासरी सेंटिमीटरभर, कधी दोन-अडीचही. म्हणून तर आम्ही त्या वयात प्लास्टर घालताना हाडाची टोकं थोडी एकमेकांवर चढलेली मुद्दाम चालवून घ्यायचो. तेवढं हाड पुढं वाढून भरून काढतं. हा वाढीचा जोर मोडल्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत ओसरतो. म्हणजे तुमच्या लेकीचा फरक आता स्थिर असायला हवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. तेवढाच निघाला तर माझं म्हणणं बरोबर. वाढत असेल तर कारण दुसरं काहीतरी आहे आणि ते शोधायला हवं.

सासूबाईंना सांगा, चाकू लागलाच तर तो मोडलेल्या पायालाच लागणार आहे.

सेलूकरीण

डॉक्टरसाहेब, आत्ता सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तरी मी म्हणतच होते, त्या ट्रॉलीनंच घात केला." आता ट्रॉली दिराची, त्यामुळं नवाच विषय सुरू झालाय.

तिखटमीठ

ट्रॉलीला चाकू लावा, वाद मिटेल.

मांजराकाठ

आमच्या मुलाची ही वाढ थांबवायची शस्त्रक्रिया झाली आहे, म्हणून लिहिते. लातूरचे आम्ही, शस्त्रक्रिया पुण्यात केली. त्याचं कारण वेगळं होतं, बाळ असताना खुब्याला संसर्ग झाला होता आणि फरक वर्षागणिक वाढत होता.

गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना लहानशी चीर, आत ड्रिलनं ग्रोथ प्लेट खरवडतात, सगळं एक्स-रेच्या पडद्यावर बघत. दोन दिवसांत घरी आलो. काही आठवडे कुबड्या, मग शाळा. व्रण आहेत, पण चड्डीखाली झाकले जातात. दुखलं, पण वर बालाघाटी यांनी लिहिलंय त्याच्या जवळपासही नाही.

मला त्रास झाला तो वेगळाच. शस्त्रक्रिया झाली तरी काहीच बदललेलं दिसत नाही! पाय दुसऱ्या दिवशी सारखे होत नाहीत. पुढची दोन-तीन वर्षं आखूड पाय हळूहळू जवळ येतो. घरचे विचारायचे, "मग काय फरक पडला?" मी भिंतीवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या, शेवटी शेवटी त्याही कुणाला दाखवत नव्हते. आता वाढ पूर्ण झाली, सेंटिमीटरभर फरक उरलाय. तो विसरूनही गेलाय. मी नाही विसरले, पण आईचं तसंच असतं.

उमरगेकर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी नऊ वर्षांचा होतो. किल्लारीच्या भूकंपात भिंत पायावर आली. गुडघ्याजवळच मार बसला, हाड जुळलं पण तिथली वाढ बसली. आज तीन सेंमीचा फरक आहे. त्या वेळी बाहेरून खूप डॉक्टर आले, जीव वाचवायची गडबड होती, चार वर्षांनी पाय किती वाढेल याचा विचार कोण करणार? कुणाला दोष देत नाही.

शिक्षक आहे, रोज उंच सोलचा बूट घालतो. वर्गात काही वाटत नाही. पण लोक म्हणतात ना, "पट्टी लावा, झालं", त्यांना एक विचारायचंय. आपण दिवसातले किती तास बूट घालतो? घरात अनवाणी, देवळात अनवाणी, शेतात चप्पल काढून पाण्यात, पंगतीला अनवाणी, लग्नात बोहल्यावर अनवाणी. आमच्याकडं मे महिन्यात बंद बूट घालणारा माणूस एक तर पोलीस नाहीतर नवरदेव. पट्टी हा विलायती राहणीचा उपाय आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी कुणी दुसऱ्या पायाची वाढ वेळेवर रोखली असती तर आज मला हा बूट लागला नसता.

घाटीफिजिओ

@उमरगेकर, अनवाणीचा मुद्दा मान्य. पण तीन आणि दोन सेंटिमीटरमध्ये फरक आहे. दोनच्या आत शरीर बरंच सांभाळून घेतं, विशेषतः लहान वयापासून असेल तर. आखूड बाजूच्या पावलाची टाच किंचित उचलली जाते, कंबर थोडी झुकते, चाल जवळजवळ सरळ राहते. घरात अनवाणी राहिल्यानं काही बिघडत नाही, जास्त वेळ उभं राहायचं किंवा चालायचं तेव्हा पट्टी असली की पुरतं.

ज्यांना पट्टी करायची त्यांच्यासाठी: बुटाच्या आत टाचेखाली एक सेंटिमीटरच्या वर टाकू नका, टाच बाहेर निघते आणि लेकरू तो बूट दप्तरात लपवतं. त्यापुढचं सोलला बाहेरून लावायचं, पुढं बोटांकडं निमुळतं करत. पूर्ण फरक भरायचा नाही, निम्म्यापासून सुरुवात करायची. मागं पट्टा असलेल्या सँडलला एमसीआर (बारीक छिद्रांच्या हलक्या) रबराचा थर छान बसतो, वजनही हलकं. साध्या स्लिपरला लावाल तर ठेचकाळाल.

कंधारी

दोन सेंमीनं पुढं कंबरदुखी लागते, गुडघे जातात असं ऐकलंय. मग आत्ताच केलेलं काय वाईट? (बाबांचा विषय सोडलाय मी.)

हाडांचा_डागतर

सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असलेल्यांत आखूड बाजूच्या गुडघ्याची झीज जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण सोबत आढळलं म्हणजे त्यानंच झालं असं होत नाही, आणि पाय सारखे केल्यानं उतारवयातला गुडघा वाचतो असा शब्द मी कुणाच्या लेकराच्या आईला देणार नाही. कंबरेचं तर त्याहून धूसर आहे. दोन्ही पाय सारखे असलेल्या किती जणांची कंबर दुखते, माझी ओपीडी विचारा.

आता मूळ प्रश्न. ढोबळ चाल अशी: दोन सेंटिमीटरच्या आत शस्त्रक्रिया नाही. दोन ते पाचमध्ये वाढ बाकी असेल तर लांब पायाची वाढ रोखायची, वाढ संपली असेल तर पट्टी किंवा हाड आखूड करणं. पाचच्या वर लांबवण्याचा विचार. ताईंची लेक नेमकी उंबऱ्यावर आहे, म्हणून तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली. पहिली दोन्ही चूक नाहीत. तिसऱ्याबद्दल खाली लिहितो.

वाढ रोखण्याचं तत्त्व सोपं आहे. जोडीतला एक बैल पुढं गेला तर त्याला थोपवायचं, मागचा आपोआप बरोबरीला येतो. १९३३ साली फेमिस्टर नावाच्या अमेरिकन सर्जननं ही शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा मोठी चीर लागायची, आता पडद्यावर बघून बारीक भोकातून होते. स्क्रू किंवा प्लेट लावूनही करतात आणि ते पुढं काढता येतात, पण लांबी कमी करण्यासाठी त्यांचा भरवसा कमी, आणि एका बाजूला जास्त धरलं तर गुडघा वाकडा वाढतो. खरवडण्यातही दोन्ही बाजू सारख्या बंद झाल्या नाहीत तर तोच धोका. म्हणून नंतर दर सहा महिन्यांनी एक्स-रे चुकवायचा नाही.

सगळी मेख वेळेत आहे. मांडीच्या हाडाचं गुडघ्याकडचं टोक वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, नडगीचं वरचं टोक सहा मिलिमीटर. मुलींची वाढ सुमारे चौदाव्या वर्षी संपते, मुलांची सोळाव्या. म्हणजे दोन सेंटिमीटर भरून काढायचे असतील तर मुलीत बाराव्याच्या आसपास मांडीच्या टोकाशी थांबवायचं. आम्ही सगळा फरक कधीच भरत नाही, अर्धा-एक सेंटिमीटर मागं ठेवतो. उलटा फरक झाला तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. तेव्हा ताई, आज लगेच केलं तर ते जास्त होईल. आणि तीन वर्षं विचारच करत बसलात तर हा मार्ग बंद होईल.

पण हे वय म्हणजे जन्मतारखेचं वय नाही, हाडाचं वय. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक एक्स-रे काढून ते ठरवतात. आमच्या भागात शाळेत नाव घालताना तारीख पुढंमागं लिहिण्याची जुनी चाल आहे, ते वेगळंच. पाळी सुरू झाली की पायांची फारशी वाढ उरलेली नसते, तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा.

सेलूकरीण

पाळी अजून नाही. आणि जन्मतारीख खरी आहे हो, सेलूच्या सरकारी दवाखान्यातच झालीय!

उंचीचं काय? वाढ थांबवली तर बुटकी राहील म्हणून आजी आता त्याच्यावर आल्यात.

हाडांचा_डागतर

एकाच हाडाच्या एका टोकाची वाढ थांबते, तीही शेवटची दीड-दोन वर्षं. उजवा पाय तेवढाच कमी लांब होईल, बाकी पाठ आणि डावा पाय आपले वाढतच राहतील. शेवटी उंचीत सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक. आजींना दारात उभं करून दाखवा तेवढं बोटानं.

नागनाथाचा_पोऱ्या

पण ती आत रॉड टाकून रिमोटनं लांब करायची पद्धत? रील्समध्ये बघतो, लोक उंची वाढवायला करून घेतात. कडी नाहीत, जखमा नाहीत. मग बालाघाटीरावांसारखे हाल कशाला?

हाडांचा_डागतर

तेच लिहायचं राहिलं होतं. हाडाच्या आत चुंबक असलेला रॉड असतो, बाहेरून यंत्र धरलं की तो थोडा थोडा लांबतो. अमेरिकेत २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली. तारांच्या जखमा आणि कडी टळतात, हे खरं सुख. पण हाड दिवसाला एक मिलिमीटरनंच धरतं, स्नायू तेवढेच ताणले जातात, गुडघा तेवढाच आखडतो. जास्त वजन पेलणारा म्हणून स्टीलचा प्रकार आला होता, तो हाडाशी तक्रारी निघाल्यावर २०२१ मध्ये बाजारातून परत मागवला. हा रॉड फार महागडा आहे, काही लाख निव्वळ त्याचेच. आणि वाढत्या लेकरात मांडीच्या हाडात रॉड घालायचा तर खुब्याचा रक्तपुरवठा आणि ग्रोथ प्लेट जपावी लागते, म्हणूनच तिथं "मोठी झाल्यावर" म्हणाले.

दोन सेंटिमीटरसाठी हे सुचवणाऱ्याला एकच विचारा: साहेब, तुमची लेक असती तर?

बालाघाटी

+१. रील्समध्ये फिजिओथेरपीचा भाग कापलेला असतो.

उमरगेकर

अपंगत्वाचं प्रमाणपत्र वगैरे मिळतं का अशा फरकाला? माझ्या ओळखीतले एक जण विचारत होते.

घाटीफिजिओ

फार आशा ठेवू नका. मोजणीच्या नियमात पहिला अर्धा इंच धरतच नाहीत, त्यापुढच्या दर अर्ध्या इंचाला ४ टक्के. सवलतींसाठी ४० टक्के लागतात. निव्वळ आखूडपणावर तिथं पोचायला पाच इंचांच्या वर फरक हवा. सांधाही आखडलेला असेल तर ते वेगळं मोजतात.

खर्चाचं म्हणाल तर बाल स्वास्थ्य पथकाची ती चिठ्ठी जपून ठेवा, तिच्यावर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवता येतं. आणि महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया कुठं बसते का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, भरती झाल्यावर नाही.

भरतीवाला

माझं काय मग? उंची पण वाचवायची आहे आणि पाय पण सारखे पाहिजेत.

हाडांचा_डागतर

तुझ्यासाठी शस्त्रक्रिया नको, हे माझं स्पष्ट मत. खुब्याचा एक्स-रे काढ. सांधा चांगला असेल तर सरावाच्या बुटाला सोल चढव आणि मैदानी मार. मेडिकलमध्ये काय होईल ते तेव्हा बघू. पण सोबत तलाठी-ग्रामसेवकाचा अभ्यासही चालू ठेव. तिथं टेप लावत नाहीत.

मांजराकाठ

@सेलूकरीण, एक राहिलंच. लेकीला विचारलं का? आमच्या मुलानं ऐन वेळी सांगितलं की त्याला कशाचीही भीती नाही, फक्त वर्गात कुबडीवर "लंगडा" म्हणतील ही भीती आहे. मग आम्ही उन्हाळ्याची सुट्टी धरून केलं.

सेलूकरीण

विचारलं. पहिला प्रश्न आला, "खो-खो किती दिवस बंद?" लग्नाचा विषय तिच्या गावीही नाही, आणि चुलत सासऱ्यांना यांनीच सांगितलं की तिचं शिक्षण होईस्तोवर तो काढायचा नाही.

सध्या ठरलंय ते असं. या आठवड्यात ठोकळ्यांवर मोजून घेणार आणि हाताचा एक्स-रे. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा लांब एक्स-रे, फरक तेवढाच आहे का बघायला. दोनच्या आत निघाला तर सँडलला थर लावून गप्प बसणार. वर निघाला तर संभाजीनगरच्या डॉक्टरांकडं उन्हाळ्याची तारीख मागणार. सासूबाईंनी परवानगी दिलीय, अट एवढीच की शस्त्रक्रिया अमावस्येला नको.

परभणीत सँडलला एमसीआरचा थर नीट लावणारे कुणी माहिती आहे का? इथल्या चप्पलवाल्यांनी टायरचा तुकडा ठोकून दिला, अर्धा किलोचा असेल.

नागनाथाचा_पोऱ्या

परभणीत बस स्टँडच्या मागं एक काका आहेत, माझ्या मामाच्या मधुमेहाच्या चपला तेच करतात. एमसीआर असतं त्यांच्याकडं. फक्त सोमवारी बंद. व्यनि केलाय.